फाऊल बॉलची जाळी : पैसे कोणी द्यायचे?

गुळांबा

शनिवारची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्याच्या मधल्या भागात, सेंट्रल जर्सीत राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लीगच्या बोर्डावरचे निम्मे लोक ओळखीचे आहेत. मुलगा दहा वर्षांचा, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये खेळतो. मैदानं दोन, पाठीला पाठ लावून. मधल्या पट्ट्यात ब्लीचर (प्रेक्षकांचे पायऱ्यांसारखे बाक), कन्सेशन स्टँड (खाण्यापिण्याचा स्टॉल) आणि आम्ही पालक. एका मैदानाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ झालीच.

तिसरी इनिंग चालू होती. मी वाकून पिशवीतून खारी काढत होते. मागून कुणीतरी "हेड्स अप!" ओरडलं आणि पाठोपाठ ठण्ण! मागच्या मैदानावरचा फाऊल बॉल, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर उडालेला चेंडू, माझ्या शेजारच्या स्टीलच्या थर्मासवर. सगळा चहा पलीकडच्या बाईंच्या ब्लँकेटवर. थर्मास होता तिथे पाच मिनिटांपूर्वी माझी चार वर्षांची धाकटी बसून चित्र रंगवत होती. थर्मासला असा पोचा आलाय की आता ओट्यावर सरळ उभा राहत नाही, कलतो.

लीगची ईमेल आली आहे. बॅकस्टॉपला (बॅटरच्या मागचं जाळीचं कुंपण) पुढे झुकणारं छत आणि दोन्ही बाजूंना डगआऊटच्या (खेळाडू बसतात ती जागा) पुढपर्यंत उंच जाळी लावायची आहे. पैशाचे मार्ग दोन: नोंदणी फी मुलामागे 60 डॉलरने वाढवायची, नाहीतर टाऊनशिपकडे, म्हणजे गावाच्या नगरपालिकेकडे मागायचे. माझं मत स्पष्ट आहे, टाऊनशिपने द्यावेत. जमीन त्यांची, कुंपण त्यांचं, आणि ओपन स्पेसच्या, म्हणजे मोकळ्या जागांच्या नावाने दरवर्षी कर घेतात तो आपल्याकडूनच.

मेजर लीगने (व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च लीग) 2015 मध्ये क्लबांना जाळी वाढवायची नुसती शिफारस केली होती. 2017 मध्ये यांकी स्टेडियमवर एका लहान मुलीच्या चेहऱ्यावर ताशी 105 मैलांचा फाऊल बसला, तेव्हा कुठे 2018 च्या मोसमात तीसच्या तीस क्लबांची जाळी डगआऊटच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेली. आपण कुणाच्या मुलीची वाट बघतोय?

---

सेवानिवृत्त सदू

गुळांबाताई, धाकटी बचावली हे देवाची कृपा. पण मी विरोधात आहे, आणि का ते सांगतो.

माझी दोन्ही मुलं याच राज्यात लिटल लीग खेळली, आता त्यांना टेक्सासात जाऊन दहा वर्षं झाली. मी इथेच आहे आणि प्रॉपर्टी टॅक्स भरतोय. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जड, हे नव्याने सांगायला नको. पेन्शनीतल्या माणसाने दरवेळी कुणाच्या तरी मुलांसाठी "थोडंसंच" का द्यायचं? ज्यांची मुलं खेळतात त्यांनी साठ डॉलर द्यावेत. ट्रॅव्हल टीमच्या (गावोगावी जाऊन खेळणारा संघ) एका बॅटला तीनशे देताना कुणाचा हात थरथरत नाही.

दुसरं, जरा कडू आहे. आमचं आयुष्य शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गेलं. एका वेळी दहा मॅचेस, सीझन बॉल, जाळी कसली नि काय कसलं. चेंडूवर नजर असायची, एवढंच. आता ब्लीचरवर नजर टाका, माना सगळ्या फोनमध्ये.

---

खारीबिस्कीट

सदूकाका, खारी काढायला वाकणं म्हणजे फोन बघणं नव्हे. आणि चेंडू *मागून* आला हो! पाठीला डोळे कुठून आणायचे?

मैदानावरच्या दहा मॅचेसचं कौतुक मलाही होतं, पण जानेवारी 2024 मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर काय झालं ते आठवा. शेजारच्या मॅचमधला चेंडू फील्डिंग करणाऱ्या एका बावन्न वर्षांच्या खेळाडूच्या कानामागे लागला आणि तो गेला. त्याची नजर चेंडूवरच होती, त्याच्या स्वतःच्या मॅचच्या. गुळांबाच्या मैदानाचा नकाशा अगदी तोच आहे.

फीबद्दल मात्र माझं दोघांशीही जमत नाही. मी लीगच्या नोंदणीच्या टेबलावर बसते. फॉर्म हातात घेऊन "हप्त्याने चालेल का?" असं हळूच विचारणारे पालक असतात, आणि ते आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला येणारे नसतात. एक आई घरकाम करते, तीन मुलं आहेत. साठ गुणिले तीन. जाळी लागली आणि तिची मुलंच आली नाहीत, तर कुणाला वाचवलं आपण?

---

एलबीडब्ल्यू

माफ करा, पण हा धागा वाचून हसू येतंय.

आमच्या गावात आम्ही तीन वर्षं क्रिकेटसाठी एक मॅटिंगचं पिच मागतोय. एकच. जाळी नको, ब्लीचर नको, संडासही नको म्हटलं. प्रत्येक वेळी उत्तर ठरलेलं: "या वर्षी बजेटमध्ये बसत नाही." रविवारी सकाळी सहाला जाऊन शाळेमागच्या गवतावर स्टंप ठोकतो. आणि बेसबॉलकडे दोन मैदानं, दिवे, स्कोअरबोर्ड सगळं आहे. आता त्यांच्या प्रेक्षकांसाठीही सरकारी पैसा, आणि तो मागायला आपलेच मराठी लोक पुढे!

ओपन स्पेसचा कर मीही भरतो. माझी ओपन स्पेस कुठाय?

---

गुळांबा

@एलबीडब्ल्यू, तुमचा राग रास्त आहे, पण तो थर्मासवर काढू नका. पिच मिळत नाही म्हणून जाळीही नको, हे "मला नाही तर तुलाही नाही" झालं. माझा नवरा तुमच्यासारखाच सहाला उठून जातो, त्यामुळे घरात दोन्ही बाजू ऐकते.

---

अर्धा वकील

(पूर्ण वकील नाही. विम्याच्या क्षेत्रात आहे. सल्ला समजू नये.)

अमेरिकेत याला 'बेसबॉल रूल' म्हणतात. 1913 च्या आसपास मिसूरीत कॅन्सस सिटीच्या क्लबविरुद्ध खटला झाला, तिथपासून हे तत्त्व पक्कं झालं: क्लबने सगळ्यात धोक्याच्या भागात, म्हणजे होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो ती जागा) मागे, पुरेशी जाळीआडची आसनं ठेवली की त्याचं कर्तव्य संपलं. बाकी ठिकाणी बसणाऱ्याने धोका पत्करलाय असं धरतात.

आपल्या न्यू जर्सीत याचा छान तमाशा झाला. नेवार्क बेअर्स या व्यावसायिक संघाच्या मैदानावर एक प्रेक्षक पेय घ्यायला मागच्या मोकळ्या जागेत उभा होता, त्याला फाऊल लागला. 2005 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही सूट फक्त आसनांपुरती, स्टॉलपाशी उभ्या माणसाकडून सतत चेंडूकडे बघण्याची अपेक्षा करता येत नाही. (सदूकाका, हे तुमच्यासाठी.) पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून पारडं परत मैदानमालकांकडे झुकवलं.

पण तो झगडा व्यावसायिक बेसबॉलचा. टाऊनशिपच्या जमिनीवर लागू होतो 1972 चा टॉर्ट क्लेम्स अॅक्ट, म्हणजे सरकारी संस्थांकडून नुकसानभरपाई मागण्याचा कायदा. त्यात दाव्याची नोटीस 90 दिवसांत द्यावी लागते, आणि जागा धोकादायक होती एवढं दाखवून भागत नाही. सरकारचं वागणं उघडउघड अवाजवी होतं हेही सिद्ध करावं लागतं. अवघड काम आहे. मात्र त्यात एक प्रश्न नेहमी येतो: धोका त्यांना माहीत होता का?

गुळांबाताई, थर्मासचे फोटो काढा, तारीख-वेळेसकट टाऊनशिपला लेखी कळवा. पैसे मागू नका, नुसतं कळवा. कळवलेल्या धोक्यावर गप्प बसणं त्यांच्या वकिलाला आवडत नाही.

---

सेवानिवृत्त सदू

म्हणजे धमकी देऊन माझ्या करातून पैसे काढायचे. वा!

---

बांधकामवाला

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, मुलगी सॉफ्टबॉल खेळते. (नाव सॉफ्ट, चेंडू कसला सॉफ्ट! नडगीवर बसला की समजतं.) दोन्ही बाजूंनी भावना भरपूर झाल्या, थोडे आकडे.

लिटल लीगच्या लहान मैदानावर बेसमधलं अंतर 60 फूट, पिचर (चेंडू टाकणारा) 46 फुटांवर. बाराएक वर्षांच्या मुलाचा फाऊल ताशी 60 मैलांनी सुटला असं धरू. म्हणजे सेकंदाला 88 फूट. ब्लीचर प्लेटपासून 40 फुटांवर असेल तर हातात अर्धा सेकंदसुद्धा नाही. "नजर ठेवा" हा सल्ला इथे संपतो. चेंडूचं वजन 142 ते 149 ग्रॅम, सीझन बॉल त्याहून साधारण चौदा ग्रॅम जड. बरगडीला हा फरक कळत नाही.

पण गंमत बघा. गुळांबाताईंना लागता लागता राहिलेला चेंडू उंच उडालेला, मागच्या मैदानावरून आलेला. डगआऊटपुढची उंच जाळी तो अडवणार नव्हती! ती जमिनीलगत सुसाट येणाऱ्या फाऊलसाठी असते. पाठीमागे उंच उडणाऱ्या चेंडूला लागतं बॅकस्टॉपचं झुकतं छत, नाहीतर ब्लीचरवरच आडवी जाळी. उंच जाळी महाग पडते ती जाळीमुळे नव्हे, खांबांमुळे. वाऱ्याचा सगळा जोर खांबाच्या मुळाशी येतो, त्यामुळे खोल पाया, परवाना, सही करणारा इंजिनियर. जाळी तर उन्हाने काही वर्षांत विरते, पुन्हा खर्च. लीगच्या ईमेलमध्ये देखभालीचा आकडा आहे का? नसणारच.

आणि आज, फुकटात काय होईल? ब्लीचर उचलून दोन्ही बॅकस्टॉपच्या मधून बाहेर न्या, आऊटफिल्डच्या बाजूला. सहा बाप आणि एक पिकअप ट्रक. फक्त टाऊनशिपच्या पार्क खात्याला आधी विचारा.

ब्लीचर हलवताना त्याच्या मागेही बघा. खाली पाय ठेवायची फळी जमिनीपासून 30 इंच किंवा जास्त उंच असेल तर मागे-बाजूला कठडा हवा आणि त्यातल्या फटींतून 4 इंचाचा गोळा जाता कामा नये, असं ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्याकडे जुन्या पाच पायऱ्यांच्या ब्लीचरला मागे काहीच नव्हतं. सगळ्यांचे डोळे चेंडूवर, आणि दीड वर्षाचं पोर मागच्या मागे सरकतंय. मी बघितलंय ते. आईने दंडाला धरून ओढलं म्हणून बरं.

---

खारीबिस्कीट

आऊटफिल्डला नेलं तर मुलाचा चेहरा दिसत नाही हो. आणि आजी-आजोबांना पार्किंगपासून तेवढं चालवतही नाही. आमचे सासरे गुडघ्याचे पेशंट, खुर्ची नेहमी डगआऊटला चिकटून.

पण छताचा मुद्दा पटला. लीगला हे कुणी विचारलंच नाही.

एक विसंगती मला कायम खटकते. लिटल लीगच्या लहान गटांत पुढच्या बॅटरने डगआऊटबाहेर बॅट हातात धरायची नाही, ऑन-डेक (पाळीची वाट बघत बाहेर उभं राहणं) बंद. हेल्मेट घातल्याशिवाय बॅटिंग नाही. ढग गडगडला की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत पाऊल नाही. खेळणाऱ्या मुलाची एवढी चोख व्यवस्था, आणि त्याचीच धाकटी बहीण कुंपणाला नाक लावून उभी, डोक्यावर काही नाही.

---

अर्धा वकील

पैशाबद्दल राहिलंच. साठ डॉलर की टाऊनशिप, हे दोनच पर्याय नाहीत. राज्याचा ग्रीन एकर्स कार्यक्रम 1961 पासून चालू आहे, उद्यानं-मैदानं विकसित करायला गावांना अनुदान आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. अर्ज गावाने करायचा असतो. शिवाय मेजर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने 1999 मध्ये बेसबॉल टुमॉरो फंड सुरू केला होता, आता त्यांचं युथ डेव्हलपमेंट फाउंडेशन आहे, तिथे लीगला स्वतःलाही मागून बघता येईल. स्थानिकांनी काही वाटा उचलावा अशी अपेक्षा असते. ज्या खेळाचा चेंडू, त्याच खेळाचा पैसा. सदूकाका, यात तुमचा कर नाही!

---

सेवानिवृत्त सदू

ग्रीन एकर्स म्हणजे आभाळातून पडलेले पैसे का? राज्याचा करही मीच भरतो.

पण बांधकामवाल्यांचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. अर्ध्या सेकंदाचं बरोबर आहे. कट्ट्यावर आम्ही बसायचो ते पिचपासून बऱ्याच लांब, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. छताला माझा विरोध नाही. उंच खांबांना आहे, आणि राहणार. आधी ब्लीचर हलवा, छत करा, मग एक मोसम बघा. सगळं एकदम कशाला?

---

एलबीडब्ल्यू

त्या छताच्या अर्जातच बहुउद्देशीय मैदान लिहा ना. ग्रीन एकर्स काही फक्त बेसबॉलचं नाही. आऊटफिल्ड बेसबॉलच्या मोसमात गच्च असतं, पण ऑगस्टमध्ये दोन्ही मैदानं मोकळी असतात. एका मैदानाच्या कडेला पट्टा सपाट करून मॅटिंग टाकता येईल. आम्ही मतं आणू, सह्या आणू. आमच्या लीगमध्ये दीडशे माणसं आहेत, त्यातली निम्मी तुमच्याच गावात राहतात.

---

बांधकामवाला

आऊटफिल्डमधून हुक केला की चेंडू कुठे जाईल याचा नकाशा आधी दाखवा. कन्सेशन स्टँडवर सीझन बॉल नको.

---

गुळांबा

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

पार्क खात्याला फोन केला. ब्लीचर लीगने हलवायचे नाहीत, त्यांची माणसं येऊन हलवतील, "दोन-तीन आठवड्यांत". तोपर्यंत या शनिवारी मधल्या पट्ट्यात फक्त खुर्च्या, त्याही मागच्या बॅकस्टॉपच्या सरळ रेषेत नाहीत. चुन्याने रेघ मारणार आहोत. खारी, तुमच्या सासऱ्यांची खुर्ची पहिल्या बेसच्या बाजूला झाडाखाली ठेवते, तिथून चेहरा दिसतो, मी बसून बघितलं.

बांधकामवाले, उंच जाळीने माझा चेंडू अडला नसता हे वाचून रात्री झोप लागली नाही. लीगच्या प्रेसिडेंटना विचारलं, तेही गप्प झाले. आता छताचं वेगळं अंदाजपत्रक मागवलंय, देखभालीसकट. फी वाढीचा ठराव तूर्त मागे घेतलाय. फीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, टाऊनशिपनेच द्यावेत.

टाऊनशिपची मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. बोलायला माणशी तीन मिनिटं.

---

सेवानिवृत्त सदू

येतो. खांबांच्या विरोधात बोलणार, आधीच सांगतो.

---

एलबीडब्ल्यू

मीही येतो. माझ्या तीन मिनिटांतली दीड मिनिटं छताची, दीड पिचची.

---

गुळांबा

चालेल. थर्मास मी आणतेय. टेबलावर ठेवला की आपोआप कलतो.