रेनिन कमी आलंय, म्हणजे किडनी बिघडली का? (नाशिक)

नमस्कार. ह्यांचं वय ४६, शाळेत शिक्षक. दोन वर्षांपासून बीपी आहे. टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन न चुकता घेतात, तरी दोन महिने झाले १६०/१०० च्या खाली येत नाही. रात्री पायात गोळे येतात. पोटॅशियम ३.१ निघालं, म्हणून गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन करायला सांगितलं.

रिपोर्ट काल आला. रेनिन ०.२, अल्डोस्टेरॉन २.५, दोन्हींपुढे 'कमी'. लॅबमधला मुलगा म्हणाला, "कमीच आहे ना, मग टेन्शन नाही." नणंदबाई म्हणतात रेनिन किडनीतून येतं, ते कमी म्हणजे किडनी बसली. किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, तर ०.९ म्हणजे नॉर्मल आहे. डॉक्टर गुरुवारी भेटणार, तोवर झोप नाही.

पंचवटीकर : ताई, मी डॉक्टर नाही, पण हीच टेस्ट माझी दोनदा झालीय. रेनिन कमी म्हणजे किडनी बसली असं नसतं. दाब किंवा मीठ कमी पडलं की किडनी रेनिन सोडते, त्यातून पुढे अल्डोस्टेरॉन वाढतं. ते मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. अंगात मीठ-पाणी आधीच भरलेलं असेल तर किडनी रेनिन सोडायचं थांबवते. धरण भरल्यावर टँकर कोण मागवतं?

माझं रेनिन असंच तळाला होतं, पण अल्डोस्टेरॉन चढलेलं. अल्डोस्टेरॉन जिथे बनतं त्या, किडनीच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथीवर बारीक गाठ निघाली. तुमच्याकडे दोन्ही कमी आणि पोटॅशियमही कमी, हे वेगळं आहे. त्यात टेल्मिसार्टनने रेनिन उलट वाढतं, तरी ०.२ च! दादा ज्येष्ठमध घेतात का? काढा, चूर्ण, कांडी, काहीही?

धागाकर्ती : अगबाई! घसा बसतो म्हणून दिवाळीपासून रोज कांडी चघळतात. रविवार कारंजावरून आणते मीच. औषध म्हणून कधी धरलंच नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगितलंही नाही.

पंचवटीकर : मग तेच पहिलं सांगा. कॉर्टिसॉल हे शरीरातलं दुसरं हार्मोन, किडनीतलं एक एन्झाइम त्याला निकामी करतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे ते एन्झाइम अडतं आणि कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचं काम करायला लागतं. म्हणून खरं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही खाली. दुसरी कारणंही असतात, ती डॉक्टर बघतील. पण कांडी आजच बंद करा. बीपीच्या गोळ्या मात्र मनाने थांबवू नका. आणि ३.१ पोटॅशियम घेऊन गुरुवारपर्यंत बसू नका, आजच फोन करा. छातीत धडधड किंवा हातापायातली ताकद गेल्यासारखं वाटलं तर सरळ कॅज्युअल्टीत न्या.

टेस्ट परत करायची झाली तर ज्येष्ठमध सुटून किती आठवडे झाले पाहिजेत ते विचारा, असर लगेच जात नाही. माझ्या वेळी सकाळी उठून दोन तास हिंडायला लावलं, मग दहा मिनिटं बसवून रक्त घेतलं. झोपून दिलं तर आकडा वेगळा येतो. ह्यांचं कसं घेतलं होतं?

धागाकर्ती : घरी येऊन, पलंगावरच. हे उठलेही नव्हते. फोन केला आत्ता, डॉक्टरांनी संध्याकाळी सहाला बोलावलंय. उरलेल्या कांड्या पुडीसकट दाखवायला नेते.