जेवण झकास, पण टेबलावरची घंटी पटली नाही. तुमचं काय मत?

तापीकाठ (धागा सुरू करणारा)

परवा भाचीच्या बारावीच्या निकालाचं निमित्त होतं, म्हणून आम्ही नऊ जण जळगावला महामार्गालगत नव्यानं निघालेल्या एका हॉटेलात गेलो. नाव लिहीत नाही. प्रश्न एका हॉटेलाचा नाही, ही टूम पुण्या-मुंबईत कधीची आहे, आपल्याकडे आत्ता येतेय. सगळा थाट इंग्रजांच्या काळातला. वेताच्या खुर्च्या, लांब दांड्याचे पंखे, मेनूकार्डावर रेल्वे मटण करी, डाक बंगला चिकन, मलिगटॉनी सूप, कटलेट, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. जेवण उत्तम होतं, हे आधी सांगतो. मटणाच्या रश्श्यात बटाटा, तिखट बेताचं, चिंचेचा हलका आंबटपणा. शेवभाजीवर तर्री नसली तर आमच्या आईला जेवल्यासारखं वाटत नाही, पण तिनंही पाव दोनदा मागून घेतला.

खटकलं ते वेगळंच. टेबलावर पितळी घंटी होती. वाढप्याला बोलवायचं तर ती वाजवायची. वाढपी म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. डोक्याला तुऱ्याचा फेटा, कमरेला लाल पट्टा, छातीवर बिल्ला. सहा वर्षांच्या पुतण्याला घंटी म्हणजे खेळणंच झालं. त्यानं चार वेळा वाजवली, चारही वेळा तो पोरगा धावत आला, कमरेत वाकून "जी साहब" म्हणाला. मग मी ती घंटी उचलून मांडीवर ठेवली. गाव विचारलं तर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा निघाला. त्याच्या मागे भिंतीवर शिकारीचा भलामोठा फोटो. वाघावर बूट ठेवून उभा असलेला साहेब, मागे उघड्या अंगाचे, काठ्या घेतलेले हाकारे. खाली साहेबाचं नाव होतं. हाकाऱ्यांपैकी कुणाचंही नव्हतं.

पदार्थ खुशाल विका. साहेब आणि नोकराचं नाटक ताटाबरोबर वाढू नका, एवढंच म्हणणं आहे.

गल्ली नंबर पाच

भाऊ, मी धुळ्यात हॉटेल चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "राजवाडी थाट" नावाची हॉटेलं हायवेला किती आहेत? तिथंही फेटेवाला दारात मुजरा करतो. राजे-सरदारांच्या वाड्यावर राबणाऱ्यांचे हाल काय कमी होते का? तिथं आपण फोटो काढतो आणि इथं लगेच अपमान वाटतो, हे मला समजत नाही.

आणि इंग्रजांचं काय काय टाकून देणार? आमचं धुळं कॅप्टन ब्रिग्जनं आखून वसवलं, गल्ल्यांचे नंबर अजून पत्त्यात लिहितो आम्ही. इतिहास आहे, त्यावर कुणी व्यवसाय केला तर बिघडलं काय? धडगावच्या पोराला घरापासून दीड-दोनशे किलोमीटरवर काम मिळालंय. नाहीतर तो ऊसतोडीला गुजरातेत गेला असता. लग्नात वाढपी फेटा बांधतात तेव्हा कुणी धागा काढत नाही.

सातपुड्याची लेक

दादा, लग्नात फेटा आधी मामाच्या डोक्याला बसतो, मग वऱ्हाड्यांच्या. या हॉटेलात एका तरी गिऱ्हाइकाला फेटा बांधतात का? जो वाकतो फक्त त्याच्याच डोक्यावर तो असेल तर त्याला मान म्हणता येत नाही.

आणि तो फोटो नुसती सजावट नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, त्यानंतर कितीतरी वर्षं भिल्लांच्या पाड्यांवर फौजा चालून जात होत्या. तेवढ्यानं भागेना म्हणून १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. तो वाघाच्या शिकारीचा मोठा शौकीन, आणि रान उठवायला भिल्लच. वाघ उठवणारा जिवावर उदार होऊन झाडीत शिरायचा, बंदूक साहेबाच्या हातात असायची. आमच्या पाड्यात म्हाताऱ्या माणसांना १८५७ ला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या खाज्या नाईकाचं नाव विचारा, डोळे चमकतात. त्याचा फोटो कुठल्या हॉटेलात लागलेला मी पाहिला नाही. त्या भिंतीखाली धडगावच्या पोराला उभं करताना मालकाला हे माहीत नसेलही. आता सांगायला पाहिजे.

नंदुरबारी

९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या गावात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती इंग्रज सरकारच्या गोळीबारात गेले. शाळकरी वय होतं. त्याच जिल्ह्यातलं पोरगं आज "जी साहब" म्हणत वाकतं, तर मला तिथला घास गिळणार नाही. जेवण कितीही चांगलं असो.

भुसावळचे आप्पा

नंदुरबारच्या भावांचा संताप समजतो, पण घास गिळणार नाही म्हणालात तिथं थोडं थांबा. तो घास कुणी रांधला ते बघा.

माझे आजोबा भुसावळला रेल्वेच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये खानसामा होते. तुम्ही ज्याला साहेबाचं जेवण म्हणता ते त्यांनी हातानं घडवलेलं. लांबच्या गाडीत मटण टिकावं म्हणून आंबट, गोऱ्यांना सोसावं म्हणून तिखट कमी. मलिगटॉनी तर तमिळ नाव, मिळगु म्हणजे मिरी, तण्णीर म्हणजे पाणी. मिरीच्या पाण्यात साहेबानं मटण आणि भात घालायला लावला. डाक बंगल्यावर पाहुणा टेकला की चौकीदार अंगणातली कोंबडी धरायचा आणि तासाभरात रस्सा पुढं. साहेब लोक त्या कोंबडीला थट्टेनं "अचानक मरण" म्हणत. अशा धावपळीत जे जमलं त्याचा हा पदार्थ झाला.

आजोबा सुटीच्या दिवशी घरी कटलेट करायचे. शिळ्या पावाचा चुरा, उकडलेला बटाटा, उरलेलं मटण. तव्यावर टाकताना बोटं भाजलेल्या जागा पांढऱ्या दिसायच्या. आणि त्यांचा पांढरा कोट! पितळी बटणं चिंचेनं घासून ते स्वतः चकचकीत करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांच्या त्या कोटाला गुलामी म्हटलेलं मला चालणार नाही. गणवेशानं माणूस लहान होत नाही.

तापीकाठ

आप्पा, कोटाबद्दल मी माघार घेतो. तो कोट आजोबांच्या कामाचा होता. पण या पोराचा फेटा कामाचा नाही. तो नोकर शोभावा म्हणून घातलाय, आणि मुख्य म्हणजे आम्ही साहेब शोभावं म्हणून. आजोबांचं नाव तरी मेनूकार्डावर असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

चोपड्याचा वाढपी

हाई गोट खरी शे भाऊ. मी पुण्यात अशाच एका हॉटेलात दोन वर्षं वाढप्याचं काम केलं. उन्हाळ्यात फेट्याखाली घाम डोळ्यात उतरायचा आणि हातात सूपचा ट्रे, पुसता यायचं नाही. फेटा काढला तर दंड. त्याचं एवढं नाही वाटलं. घंटीचं वाटायचं. माणूस हाक मारतो तेव्हा तोंडाकडं बघतो. घंटी वाजवणारा बघत नाही, मोबाईलमध्ये मान घालून वाजवतो.

पण इथं कुणी "जाऊच नका" म्हणू नका. टेबलं रिकामी राहिली तर पहिला पोरगाच घरी जातो, मालक नाही. जेवायला जा, घंटी वाजवू नका, जाताना काउंटरवर सांगा. दहा जणांनी सांगितलं की घंटी जाते. आमच्याकडं बेअरा हा शब्द असाच गेला.

गल्ली नंबर पाच

फोटोचं मी मानतो. मी मालक असतो तर उतरवला असता. घंटीचंही वाढपी भाऊ सांगतात म्हणून मानतो, त्यांनी सोसलंय. पण "राजवाडी"चं उत्तर अजून कुणी दिलं नाही. आपल्या माणसापुढं वाकणं चालतं आणि गोऱ्याच्या आठवणीपुढं चालत नाही, हा दुजाभाव मला पटत नाही.

सातपुड्याची लेक

तेही चालत नाहीच, दादा. तो धागा तुम्ही काढा, मी तिथंही लिहीन.

खिरोद्याचा मास्तर

उशिरा आलो. सगळे जण इंग्रजांचा काळ म्हणजे साहेबाचा दिवाणखाना असंच धरून चाललेत. त्याच काळात, डिसेंबर १९३६ मध्ये, आमच्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोसांनी सगळी सजावट बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तूंतून केली, गांधीजींचा आग्रहच तसा होता. कुणा हॉटेलवाल्याला तो जमाना उभा करायचा असेल तर हे सगळं आपल्या दारात पडलंय. बांबूच्या भिंती करा, पाटीवर भुसावळच्या खानसाम्याची करी लिहा, शेजारी कळण्याची भाकरी आणि भरीत ठेवा. मी वर्गातली पोरं घेऊन येतो.

सातपुड्याची लेक

तापीकाठ दादा, एक विचारायचं राहिलं. हाकाऱ्यांची नावं नव्हती म्हणालात. त्या पोराचं नाव काय?

तापीकाठ

गाव विचारलं, नाव नाही विचारलं. बिल्ल्यावर नंबर होता, सात. रविवारी परत जातोय, आप्पाही येतो म्हणालेत.