‘लेडीज घड्याळ’ म्हणजे नेमकं कसलं?

प्रश्न : पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीने २०२५ मध्ये ‘ट्वेंटी-फोर’ या बायकांच्या मालिकेत पहिल्यांदाच परपेच्युअल कॅलेंडर, म्हणजे महिना किती दिवसांचा हे धरून तारीख आपोआप बदलणारं घड्याळ आणलं. १९९९ मध्ये ही मालिका सुरू झाली ती सेलवर चालणाऱ्या चौकोनी घड्याळाने. २०१८ मध्ये गोल ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी भरणारं) आलं, आणि आता हे. शौकीन मंडळी खूश आहेत, पण ‘लेडीज म्हणून छान’ अशी पुस्तीही जोडली जाते. यावर मराठीत लिहायला घेतलंय आणि दोन ठिकाणी अडले आहे. ‘लेडीज’ तसाच ठेवू का? आणि परपेच्युअल कॅलेंडरला ‘शाश्वत दिनदर्शिका’ चालेल का?

प्रतिसाद : ‘लेडीज’ मराठीत दोन कामं करतो. ‘लेडीज डबा’ म्हणताना तिथे कुणी बसायचं एवढंच सांगायचं असतं, डब्याची बांधणी तीच. ‘लेडीज सायकल’ची मात्र बांधणीच वेगळी, मधला आडवा दांडा नसलेली. ती पुरुषाने चालवली तरी लेडीजच राहते. घड्याळाच्या दुकानात हा शब्द सायकलीच्या अर्थाने रुळलाय : बारीक तबकडी, अरुंद पट्टा, कडेला खडे. तो अर्थ या घड्याळाला लागू नाही. आतलं २४० क्यू हे यंत्र १९८५ मध्ये पाटेकच्या ३९४० या मॉडेलमध्ये आलं. त्या घड्याळाचा व्यास ३६ मिमी, आणि ते पुरुषांचं घड्याळ म्हणूनच ओळखलं गेलं. नव्या घड्याळाचा व्यासही ३६ मिमीच. मग ‘लेडीज म्हणून छान’ला अर्थ काय उरतो? ‘बायकांसाठीचं घड्याळ’ लिहा, वाद मिटतो.

प्रतिसाद : अगदी पटलं. पाटेकचं सीएच २९-५३५ हे चावीचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचचं) यंत्र तर २००९ मध्ये आधी बायकांच्या ७०७१ मध्ये बसलं. पुरुषांचं ५१७० पुढच्या वर्षी आलं.

प्रतिसाद : ‘शाश्वत’ नको. ‘शाश्वत विकास’मुळे तो शब्द पर्यावरणाकडे गेलाय, आणि दिनदर्शिका म्हटलं की भिंतच दिसते. हे यंत्र काय करतं ते पाहा. अशा घड्याळांत बहुधा चार वर्षांत एक फेरा पुरा करणारं चाक असतं. त्याच्या काठावर महिन्यांच्या खाचा : तीस दिवसांच्या महिन्याला उथळ, फेब्रुवारीला खोल, लीप वर्षातल्या फेब्रुवारीला किंचित कमी खोल. एक तरफ त्या खाचेत किती आत जाते, त्यावर महिनाअखेरीस तारीख किती घरं पुढे सरकायची ते ठरतं. घड्याळ बंद पडू दिलं नाही, तर २१०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत तारखेला हात लावावा लागत नाही. २१०० ला चाराने भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही, आणि चाकाला फक्त चाराचा हिशेब येतो. मी पहिल्या उल्लेखात ‘तारीख न चुकणारं घड्याळ’ लिहीन, पुढे खुशाल परपेच्युअल कॅलेंडर.

प्रश्नकर्ती : ‘तारीख न चुकणारं’ घेतलं. अशा वेळेपलीकडचं बरंच काही दाखवणाऱ्या घड्याळाला कंपनी ग्रँड कॉम्प्लिकेशन म्हणते, त्याचं ‘महागुंतागुंत’ करत नाही. मराठीत गुंतागुंत ऑपरेशननंतर होते. आता एकच राहिलं : या घड्याळाचा पट्टा सोन्याच्या कड्यांचा आहे, त्याला पट्टाच म्हणायचं की चेन?

प्रतिसाद : पट्टा चामड्याचा. धातूची ती चेन. दुकानात हेच बोलतात, तुम्हीही हेच लिहा.