अमेरिकेतलं एमडी-पीएचडी की आधी नीट पीजी?

इंटर्न_पुणे
नमस्कार मंडळी, पुण्यातच सरकारी कॉलेजात इंटर्नशिप चालू आहे, चार महिने उरलेत. मधे आयसीएमआरचा (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे एमबीबीएसच्या मुलांसाठीचा छोटा रिसर्च प्रोजेक्ट केला होता, दोनच महिन्यांचा, पण तेव्हापासून रिसर्चचा किडा जो डोक्यात शिरलाय तो निघत नाही. सध्या यूट्यूबवर अमेरिकेतल्या एमडी-पीएचडीचे (डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र) व्हिडिओ बघतेय, सात-आठ वर्षं, फी माफ, वर स्टायपेंड, म्हटलं हेच पाहिजे. आईबाबा म्हणतात आधी नीट पीजी, म्हणजे एमडीची प्रवेश परीक्षा दे, मेडिसिन घे, संशोधन बिंशोधन नंतर. कुणाला अनुभव?

पाषाणकर
अगं थांब, आधी एक घोळ निस्तर. तिकडची एमडी म्हणजे आपलं एमबीबीएस, आपल्या एमडीला ते रेसिडेन्सी म्हणतात, म्हणजे तू झालेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून करणार. आणि ती फी माफी बऱ्याच ठिकाणी एनआयएचच्या (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) एमएसटीपीतून येते, १९६४ पासूनची स्कीम आहे, पण ते पैसे तिथल्या नागरिकांना नाहीतर ग्रीनकार्डवाल्यांनाच. बाहेरच्यांना काही युनिव्हर्सिट्या स्वतःच्या खिशातून घेतात, अगदी मोजके. तुझ्यासाठी रस्ता म्हणजे यूएसएमएलई, म्हणजे तिथली डॉक्टरांची लायसन्स परीक्षा, देऊन रेसिडेन्सी, त्यात काही ठिकाणी रिसर्च ट्रॅक असतो.
मी एमबीबीएस करून थेट पीएचडीला गेलो. सीएसआयआर नेटला (रिसर्च फेलोशिपची परीक्षा) एमबीबीएस चालतं हे आमच्या बॅचमधे कुणाला माहीतच नव्हतं! पहिलं वर्ष नुसतं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र) का येत नाही यात गेलं, एमएस्सीची पोरं गालात हसायची, आणि तोवर मित्रांची एमडी अर्धी झालेली. पस्तावलो नाही, पण पेशंट सुटले ते सुटलेच.

रात्रपाळी
म्हणूनच आधी एमडी कर. पेशंट बघितल्याशिवाय प्रश्नच पडत नाहीत. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. याज्ञिक बघ, मधुमेहाचे डॉक्टर, १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, आणि कळलं की आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त. फक्त एमडीचा थिसिस म्हणजे रिसर्च असं समजू नकोस, तो निम्मे लोक रात्री तीनला एक्सेलमधे उरकतात (मी पण).
एकत्र कोर्सच हवा असेल तर बंगलोरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेवर लक्ष ठेव, २०२२ मधे ४२५ कोटींची देणगी मिळाली, ८०० बेडचं हॉस्पिटल आणि एमडी-पीएचडी असा बेत आहे त्यांचा.

इंटर्न_पुणे
बाप रे, एमडी म्हणजे एमबीबीएस हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. आणि बॉन्डचं, म्हणजे सरकारी कॉलेजनंतरच्या सक्तीच्या सेवेचं काय?

पाषाणकर
बॉन्डचं वर्ष सुटत नाही. पण निर्णय आज कशाला घेतेस? पाषाणला आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), विद्यापीठात एनसीसीएस (पेशींवर संशोधन), शिवाय एनआयव्ही (विषाणूंवर संशोधन), सगळं पीएमटी बसच्या अंतरावर आहे. एखाद्या लॅबमधे सहा महिने बसून बघ, तेच तेच एक्सपरिमेंट दहाव्यांदा फसल्यावरही सकाळी जावंसं वाटतंय का.

इंटर्न_पुणे
दोन लॅबना मेल टाकलेत आत्ताच. घरी सांगितलंय नीट पीजीचा फॉर्म भरणार, ते पण खोटं नाही 🙂