पाहुणी भाषा जेव्हीएमवर बसवावी का?

हरिपूररोड
सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पाया जुन्या जावाचा, पण हमाली-तोलाईचे नियम जेरुबीत लिहिलेत, म्हणजे जेव्हीएमवर, जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या रनटाइमवर, चालणाऱ्या रुबी भाषेत. दर बदलला की दोन ओळी बदलायच्या, झालं. परवा एक मित्र म्हणाला, दुसऱ्याच्या रनटाइमवर बसवलेली भाषा धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मला हे अजिबात पटत नाही. चांगला गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा), चांगला जिट कंपायलर (प्रोग्राम चालतानाच त्याचं मशीन कोड करणारा) लिहायला वर्षानुवर्षं जातात. जेव्हीएमवर ते तयार मिळतं. शिवाय मूळ रुबीत ग्लोबल लॉकमुळे एका वेळी एकच थ्रेड (कामाचा धागा) रुबी कोड चालवतो, जेरुबीत प्रोसेसरचे सगळे कोर कामाला लागतात. सौद्याच्या दिवशी शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या ढीगभर पट्ट्या एकदम काढायच्या असतात, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो.

कृष्णाकाठ
तयार मिळतं ते अर्धंच. ‘हळद’ हाच शब्द घ्या. रुबीची स्ट्रिंग (मजकूर) म्हणजे बाइटची रांग, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ‘हळद’चे ९ बाइट. जावाची स्ट्रिंग यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीची, तिथे लांबी ३. हे जुळेना, म्हणून जेरुबीवाल्यांनी स्ट्रिंग स्वतःची लिहिली. जावाचं रेगेक्सही (मजकुरात नमुने शोधायची सोय) पुरेना, मग ओनिगुरुमा हे रेगेक्स इंजिन जावात उतरवून ‘जोनी’ केलं. आता तुमच्या पट्टीवरचं शेतकऱ्याचं नाव जावाच्या छपाई लायब्ररीकडे गेलं की प्रत्येक वेळी रूपांतर आलंच. हा खर्च कोणी धरतच नाही.

विश्रामबागवाली
आणि जायथन, म्हणजे जेव्हीएमवरचं पायथन? १९९७ पासूनचं काम, तरी प्रसिद्ध झालेली आवृत्ती अजून २.७च्याच घरात. पायथन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२०ला संपला. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा गाभा सी भाषेत, म्हणून तेही तिथे चालत नाही. मुलांना पायथन शिकवताना मी बघते, त्यांना भाषेइतक्याच तिच्या लायब्ऱ्या लागतात. व्याकरण आलं आणि गोतावळा मागे राहिला, तर मुलांनी करायचं काय?

हरिपूररोड
ताई, जायथनचं मान्य. पण यजमानही बदलतो. २०११ साली जावा ७मध्ये इन्व्होकडायनॅमिक ही जेव्हीएमची नवी सूचना आली, ती मुख्यतः अशा भाषांसाठीच. कोणती मेथड बोलवायची ते चालताना ठरतं, आणि एकदा ठरलं की जेव्हीएम ती जोडणी धरून ठेवतं. पुढे जावा ८च्या लॅम्डा (बिननावाची फंक्शन्स) त्यावरच उभ्या राहिल्या. पाहुण्यांसाठी केलेली सोय घरच्यांनाही लाभली.

मिरजकर
सगळ्यांना एका मापानं मोजू नका. रुबी, पायथन दुसरीकडे वाढून इथे आल्या. क्लोजर ही भाषा २००७ साली जेव्हीएमसाठीच जन्मली. जेव्हीएम टेल कॉलची सोय (फंक्शनने शेवटी दुसरं फंक्शन बोलवताना जास्तीची मेमरी न घेणं) देत नाही, तर क्लोजरचे कर्ते रिच हिकींनी ‘रिकर’ हा वेगळा शब्दच भाषेत ठेवला. अडचण लपवली नाही. मला हाच प्रामाणिक मार्ग वाटतो.

कृष्णाकाठ
जेव्हीएमसाठी जन्मूनही सुटका नाही. अशाच कोटलिन भाषेचा सगळा भर नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, आधीच पकडण्यावर. पण जुन्या जावा लायब्ररीतून आलेली व्हॅल्यू नल असू शकते का, हे तिथे लिहून ठेवलेलं नसेल तर कोटलिनचा कंपायलर तपासणी सोडून देतो. मग नल पॉइंटर चालू प्रोग्राममध्येच आदळतो, तोही गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना.

हरिपूररोड
काउंटरवरचा त्रास मीही सोसलाय. सुरुवातीला प्रत्येक पट्टीला नवं जेव्हीएम उठायचं आणि शेतकरी ताटकळायचे. आता सकाळी दुकान उघडताना एकच प्रोसेस सुरू होते, ती रात्रीपर्यंत चालू राहते. स्ट्रिंगचा मुद्दा मात्र खरा आहे. या आठवड्यात नावांची रूपांतरं किती वेळ खातात ते मोजतो आणि आकडे इथेच टाकतो. जेरुबी सोडणार नाही.