नाव छापलेली भेटवस्तू : दिल्यानंतर तिचे पुढे काय झाले?

दादरला माझा घरगुती पाणी-शुद्धीकरण यंत्रांच्या दुरुस्तीचा आणि देखभालीचा लहानसा व्यवसाय आहे. येत्या वर्षी त्याला १० वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्त सुमारे ४०० घरांना आमचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असलेली एखादी उपयोगी वस्तू द्यावी, असे मनात आहे. पाच वर्षे झाली तेव्हा मी चिनी मातीचे मग दिले होते. पुढे फिल्टर बदलायला ज्या घरांत मी स्वतः गेलो, तिथे ते मग बहुतेक वेळा खोक्यातच, वॉशिंग मशीनच्या मागे किंवा माळ्याच्या कडेला ठेवलेले दिसले. एका घरी आजींनी मला पाहून घाईने खोके उघडले, मग विसळला आणि त्यातच मला चहा दिला. तो त्यांचा मोठेपणा होता, पण तो मग त्या दिवसापर्यंत कोणी हातात घेतला नव्हता हेही मला दिसले. घरात कपांचा एकसारखा संच असतो आणि एकटा मग त्यात कुठेच बसत नाही, एवढी साधी गोष्ट ऑर्डर देताना माझ्या ध्यानात आली नव्हती. म्हणून या वेळी आधी विचारतो. आपण अशी वस्तू दिली असेल, घेतली असेल किंवा तयार केली असेल, तर पुढे तिचे काय झाले ते कृपया लिहावे. फसलेले अनुभव अधिक उपयोगी पडतील. माझे अंदाजपत्रक एका घरामागे १५० रुपयांचे आहे.

परळ, सहकारी पतपेढीतून निवृत्त

आमच्या पतपेढीत वार्षिक सर्वसाधारण सभेच्या वेळी सभासदांना भेटवस्तू देण्याची पद्धत होती. एका वर्षी संचालक मंडळाने भिंतीवरची घड्याळे ठरवली आणि त्यांच्या तबकडीवर संस्थेचे नाव, बोधचिन्ह, स्थापनेचे वर्ष आणि पत्ता असे सगळे छापून घेतले. आमचे बरेच सभासद चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणारे होते. त्या खोलीत घड्याळ एकच लागते आणि ते आधीपासून भिंतीवर असते. वर्षभरात ती घड्याळे मला गावच्या घरांत, सार्वजनिक वाचनालयात आणि एका केशकर्तनालयात भेटली, सभासदांच्या खोलीत मात्र क्वचितच.

पुढच्या वर्षी आम्ही निर्णय महिला सभासदांवर सोपवला. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेल्या वाणांपैकी घरात खरोखर काय वापरात आहे, ते आधी प्रत्येकीने सांगावे. प्लास्टिकचे डबे, आरसे आणि शोभेच्या वस्तू बाद झाल्या. उरला तो साखरेचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा आणि चमचा आत मावेल इतक्या उंचीचा. भांड्यांच्या दुकानात जसे भांड्यावर नाव घालून देतात तसे संस्थेचे नाव काठाखाली बारीक अक्षरांत घालून घेतले. आपल्याकडे भांड्यावर नाव असणे ही मुळात घरातलीच रीत असल्यामुळे ते नाव कोणाला जाहिरात वाटले नाही. नमुन्यांत एक डबा बराच स्वस्त होता, पण तो २०२ प्रतीच्या स्टीलचा निघाला. त्या प्रतीत महाग निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वापरतात, त्यामुळे दमट हवेत आणि मिठाच्या संपर्कात त्यावर डाग लवकर पडतात. आम्ही ३०४ प्रतीचा डबा घेतला, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि खर्च आवरण्यासाठी डब्याचा आकार लहान केला. निवृत्तीनंतर एका सभासदाच्या घरी सांत्वनाला गेलो असताना ओट्यावर तो डबा दिसला. झाकणाची कड वापरून गुळगुळीत झाली होती, नाव मात्र स्पष्ट वाचता येत होते.

विरार, नोकरी चर्चगेटला

मी या वस्तू घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. कार्यालयीन कामानिमित्त परिषदा आणि प्रदर्शनांना जावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी एक कापडी पिशवी मिळते. माझ्याकडे अशा बऱ्याच पिशव्या जमल्या आहेत आणि वापरात फक्त एक आहे. ती का वापरली जाते याचा मी विचार केला, तेव्हा कारणे अगदी शारीरिक निघाली. तिचे बंद इतके लांब आहेत की पिशवी खांद्यावरून पुढे घेता येते, आणि लोकलच्या गर्दीच्या डब्यात ती पुढे घेतल्याशिवाय चढता येत नाही. तिला चेन आहे. तळाला चार बोटांची रुंद पट्टी असल्यामुळे जेवणाचा डबा आडवा न होता उभा राहतो आणि आमटी सांडत नाही. आत मोबाइलपुरता एक कप्पा आहे. रंग गडद निळा आहे, त्यामुळे ती आठवड्यातून एकदा धुतली तरी चालते. बाकीच्या पिशव्या पांढऱ्या, सपाट आणि आखूड बंदांच्या आहेत. त्यांत कागद मावतात, भाजी मावत नाही.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि त्यानंतर कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या सर्रास वाटल्या गेल्या. त्या कापडाच्या नसून पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात आणि त्या अधिसूचनेत त्यांचाही समावेश होता. खिडकीत ऊन लागणाऱ्या जागी मी अशी एक पिशवी टांगली होती. काही महिन्यांनी हात लावताच तिचा भुगा झाला आणि त्यावरच्या संस्थेच्या नावाचे तुकडे मी झाडूने गोळा केले. ते नाव मला अजून आठवते, पण चांगल्या अर्थाने नाही.

अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात छपाईचा व्यवसाय

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न भावाचा विचारतात आणि दुसरी सूचना "लोगो थोडा मोठा करा" अशी देतात. वस्तू कोणाच्या हातात जाणार आणि ती घरात कुठे राहणार, हे फारच थोडे लोक आपणहून सांगतात. मी ते विचारून घेतो, कारण छपाईची पद्धत त्यावरच ठरते.

स्टीलच्या बाटलीवर स्क्रीन छपाई, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून केलेली छपाई, सुंदर दिसते, पण रोज काथ्याने घासली की काही महिन्यांत अक्षरे निघू लागतात. अशा वस्तूवर लेझरने कोरलेले नाव घ्यावे. रंग मिळत नाही, पण नाव बाटलीइतकेच टिकते. सब्लिमेशन या छपाईच्या पद्धतीत शाई उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरमध्ये किंवा खास लेप दिलेल्या मगमध्ये शिरते. शुद्ध सुती कापड ती धरत नाही, त्यामुळे सुती टी-शर्टवर सब्लिमेशन करून देतो असे कोणी म्हणाले तर कापडाची चौकशी करावी. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. लहान ऑर्डरला चार रंग हवे असतील तर खर्च वस्तूवर कमी आणि स्क्रीनवर जास्त होतो. एकाच रंगात काम भागवून उरलेले पैसे कापडाच्या जाडीवर घालावेत, असे मी नेहमी सुचवतो, आणि ज्यांनी ऐकले ते पुढच्या वर्षी परत आले.

कॅलेंडरांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमचे घर त्यावर चालले आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केले तेव्हापासून मराठी घरातली एक खिळ्याची जागा ठरून गेली. तिथी, चतुर्थीचा चंद्रोदय, सुट्ट्या, मागच्या बाजूचा मजकूर आणि तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिण्याची सोय असे सगळे एकत्र मिळत असताना, वर देवाचे चित्र आणि खाली कंपनीचे नाव असलेले दुसरे कॅलेंडर त्या खिळ्यावर जात नाही. आम्ही वर्षानुवर्षे अशी कॅलेंडरे छापली आणि जानेवारीच्या अखेरीस तीच पुस्तकांना कव्हर घालायला वापरलेली पाहिली. दुकानदारांसाठी आम्ही नुसत्या मोठ्या तारखांचे, तीन महिने एकत्र दाखवणारे आणि लिहायला जागा असलेले कॅलेंडर काढले, ते मात्र गल्ल्यामागे वर्षभर टिकते. डायऱ्या तर मोबाइलमुळे ओसरल्याच होत्या, आणि सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांची छापील कॅलेंडरे व डायऱ्या बंद केल्यावर त्या कामाला मोठा फटका बसला.

धागा सुरू करणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. आपल्या ग्राहकाला आपण वर्षातून दोनदा आठवायला हवे असता, फिल्टर बदलताना आणि यंत्र बिघडल्यावर. फ्रिजवर चिकटणारी चुंबकाची पट्टी घ्यावी, तिच्यावर क्रमांक ठळक असावा आणि खाली सेवेच्या तारखा लिहिण्यासाठी चौकटी असाव्यात. घरातल्या मंडळींना आपले नाव लक्षात ठेवावे लागणार नाही, फक्त फ्रिजकडे पाहावे लागेल.

अंधेरी, एका खासगी कार्यालयात प्रशासन विभाग

छत्री हा मुंबईत हमखास वापरला जाणारा पर्याय आहे असे मी मानत होतो आणि अजूनही मानतो, परंतु पहिल्या वर्षी आमची छत्री चुकली. पुरवठादाराने दाखवलेला नमुना उत्तम होता. प्रत्यक्ष आलेल्या मालात काड्या पातळ लोखंडी पत्र्याच्या होत्या, आणि पहिल्याच जोरदार पावसात वरळीच्या समुद्रकिनारी भेटीला गेलेले आमचे सहकारी उलट्या झालेल्या छत्र्या हातात घेऊन परतले. त्या प्रत्येक छत्रीवर आमचे नाव होते. त्यानंतर मी तीन नियम पाळतो. मंजूर केलेला नमुना सही करून आपल्याकडेच ठेवायचा, माल आल्यावर कुठल्याही खोक्यातून दहा नग काढून त्या नमुन्याशी ताडायचे, आणि ऑर्डर मार्चमध्येच द्यायची. मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत लोकांनी आपापली छत्री विकत घेतलेली असते. आता आम्ही फायबरच्या काड्यांची, हातपिशवीत मावणारी घडीची छत्री देतो आणि नाव फक्त बंद करण्याच्या पट्टीवर ठेवतो. काही जणांनी मला सांगितले की पूर्वीची, पाठीवर मोठे नाव असलेली छत्री घरच्या कार्यक्रमाला नेताना त्यांना संकोच वाटत असे.

टी-शर्टच्या बाबतीत एवढेच सांगतो की मुंबईच्या घामट हवेत पूर्ण पॉलिएस्टरचा टी-शर्ट कोणी दुसऱ्यांदा घालत नाही, आणि मापे आधी विचारून न घेतल्यास लहान मापांचे गठ्ठे कपाटात पडून राहतात.

मुलुंड, औषध कंपनीत वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून नोकरी केली

आमच्या क्षेत्रात भेटवस्तूंचा अतिरेक झाला होता हे मान्य करायला हवे. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत असा नियम वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्येच केला. केंद्र सरकारने औषध कंपन्यांच्या विपणनासाठी काढलेल्या मार्च २०२४ च्या संहितेने पुस्तके, कॅलेंडरे, डायऱ्या, उपकरणांच्या प्रतिकृती असे माहितीपर साहित्यच ठेवले आणि त्यालाही प्रत्येकी १,००० रुपयांची मर्यादा घातली. मी दिलेल्या असंख्य वस्तूंपैकी डॉक्टरांच्या टेबलावर वर्षानुवर्षे पाहिली ती एकच, गुडघ्याच्या सांध्याची प्लास्टिकची प्रतिकृती. डॉक्टर ती हातात घेऊन वाटी कुठे झिजली आहे हे रुग्णाला दाखवत, आणि त्यांचे ते काम सोपे झाल्यामुळे ती कधी कपाटात गेली नाही.

ठाणे, करसल्लागार

अंदाजपत्रकात एक बाब धरावी. भेट म्हणून मोफत दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून १५० रुपये हे करासह धरावेत. व्यवसायासंबंधात एखाद्याला वर्षात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिल्यास १० टक्के करकपातीचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे, पण आपल्या वस्तूच्या किमतीला तो प्रश्न येत नाही.

लालबाग, मंडळाचा कार्यकर्ता

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरलेली वस्तू मी गणेशोत्सवातल्या दर्शनाच्या रांगेत पाहिली आहे. परिसरातल्या एका व्यापाऱ्याने पुठ्ठ्याचे हातपंखे वाटले होते. तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसांनी ते हातातून सोडले नाहीत, लहान मुलांना वारा घातला आणि पुष्कळांनी ते घरीही नेले. तोच पंखा जानेवारीत दिला असता तर कोणी घेतला नसता.

दादर, धागा सुरू करणारा

सर्वांचे मनापासून आभार. छपाईवाल्या काकांची सूचना मला पटली, कारण ती वस्तू माझ्या कामाशी जोडलेली आहे. पतपेढीतल्या साहेबांचा डबाही मनात घर करून राहिला होता, पण ३०४ प्रतीचा डबा माझ्या रकमेत बसत नाही आणि हलका डबा देण्याची माझी इच्छा नाही.

चुंबकाच्या पट्टीचे दोन नमुने आणले आणि गेले काही आठवडे घरच्या फ्रिजवर लावून पाहत आहे. पहिल्यावर चकचकीत लॅमिनेशन होते. पत्नीने चौकटीत तारीख लिहायला घेतली तर बॉलपेन उमटेना, आणि मार्करने लिहिलेली तारीख ओल्या हाताने दुसऱ्याच दिवशी पुसली गेली. दुसरा नमुना लॅमिनेशन नसलेल्या खरखरीत कागदाचा आहे. त्यावर पेन चालते, पण फोडणीचे तेल उडाले की डाग राहतो. आता वरच्या नाव-क्रमांकाच्या भागाला लॅमिनेशन आणि खालच्या चौकटी मोकळ्या, असा तिसरा नमुना करायला सांगितला आहे. तो सोमवारी येईल.