इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्समध्ये बेली डान्सचा वर्ग लावावा का?

प्रश्न: इथल्या एका हॉलमध्ये बुधवारी, बाजाराच्या दिवशीच, संध्याकाळी वर्ग असतो. वय ५२, लहानपणी पुण्यात कथक शिकले. गुडघे कुरकुरतात. कपडे काय घालायचे?

उत्तर १: अगं, बिनधास्त जा! मी सफोकमध्येच शिकते. लेगिंग, टीशर्ट आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी पुरे. पोट झाकलेलं चालतं. गुडघे ताठ ठेवू नकोस, किंचित वाकलेले हवेत. कंबरेची थरथर गुडघे आलटून-पालटून वाकवण्यातून येते, पाठीला हिसका द्यायचा नाही. कथकसारखा पाय आपटायचा नाही, त्यामुळे तुला सोपं जाईल. तालाचा कान तर तुझ्याकडे आहेच! मकसूम हा अरबी ताल असा: दुम तेक, तेक दुम, तेक (दुम म्हणजे तालवाद्याचा खोल, जड ठोका; तेक म्हणजे काठावरचा टणक ठोका). सईदी या दुसऱ्या तालात मध्ये दोन दुम लागोपाठ येतात, तिथे कंबर खाली सोडायची. मला ती जागा फार आवडते.

उत्तर २: इतिहासही वाचा. नर्तकी बदिया मसाबनी यांनी १९२० च्या दशकात कैरोत आपलं नाट्यगृह काढलं. आज शिकवतात तो रंगमंचीय प्रकार तिथे घडला. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या प्रसिद्ध नर्तकी तिथल्याच.

प्रश्नकर्ती: ताई, आभार! दुखणाऱ्या गुडघ्याचं शिक्षिकेला आधीच सांगते. शनिवारच्या बाजारात ओढणीसाठी झालर बघेन.